उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी हळूहळू उतरते? नवी घेण्याआधी गळती अशी शोधा

ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षबागेत फवारण्या कमी असतात. ट्रॅक्टर पंधरा-वीस दिवस शेडमध्ये उभा राहतो. मग ऑक्टोबर छाटणी होते, फवारणीचा दिवस ठरतो, पहाटे पाचला चावी फिरवावी तर सेल्फ नुसता 'टक' करून गप्प. शेजारचा ट्रॅक्टर आणून केबल लावायची, गाडी चालू करायची, आणि दुपारी जाऊन नवी बॅटरी घ्यायची. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात मी हे दरवर्षी बघतो. पुढच्या पावसाळ्यात ती नवी बॅटरीही तशीच बसते, आणि दोष बॅटरीच्या कंपनीला जातो.

बॅटरी उतरण्याची कारणं तीन. बॅटरीच करंट धरून ठेवत नाही, डायनामो ती पुरेशी भरत नाही, किंवा ट्रॅक्टर बंद असताना कुठून तरी करंट गळतो. या तिघांची तपासणी वेगवेगळी आहे आणि तिला क्रम आहे. बहुतेक जण थेट फ्यूज उपटायला लागतात किंवा थेट बॅटरी बदलतात. खालचा क्रम मोडू नका. एखादा टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्यातल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

हा लेख १२ व्होल्टची, पाण्याची बॅटरी असलेल्या आणि निगेटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे निगेटिव्ह पोल लोखंडी अंगाला जोडलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे. बागेतले बहुतेक छोटे ट्रॅक्टर असेच असतात. पिकअपसाठी जे वेगळं करावं लागतं ते शेवटाकडे दिलं आहे.

## तयारी

एक डिजिटल मल्टिमीटर लागेल, ज्याला १० अँपिअरचं वेगळं भोक आहे असा. होल्डर आणि दोन वायरी लावलेला इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लागेल. १० व १३ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, डिस्टिल्ड वॉटर, इन्सुलेशन टेप, चिकटपट्टीचे कागद आणि एक वही जवळ ठेवा. वही टाळू नका. तिसऱ्या वायरीनंतर कुठला आकडा कशाचा होता ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

साधा क्लॅम्प मीटर या कामाला चालत नाही. घरच्या मोटारीचा करंट बघायला वापरतात तो बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा असला तरी ५०-१०० मिलीअँपिअरवर त्याचा भरवसा धरू नका.

इशारा: हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हवरून ट्रॅक्टरच्या अंगाला टेकला तर क्षणात लाल होतो. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून शेडची दारं उघडी ठेवा आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पाणी मारत राहा आणि दवाखाना गाठा.

वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. या कामात हे दहा वेळा करावं लागेल आणि दहाही वेळा याच क्रमाने.

## टप्पा १: बॅटरी खरंच उतरली आहे का?

सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरी उतरलीच, असं नाही. पहाटे बंद पडलेल्या ट्रॅक्टरला केबल लावण्याआधी मीटर लावा. एकदा गाडी चालू झाली की तो पुरावा गेला.

मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन निगेटिव्ह पोलवर, लाल पॉझिटिव्ह पोलवर. पिन शिशाच्या पोलवरच टेकवा, वायरीच्या क्लॅम्पवर नको. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा म्हणजे ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या खाली ती जवळपास रिकामी समजा.

आकडा १२.५ च्या वर आहे आणि तरी सेल्फ रेंगाळतो, तर गळती शोधत बसू नका. केबल आणि अर्थ तपासा. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपचा नॉब ओढून धरलेला. आता एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटर बघायचा: काळी पिन निगेटिव्ह पोलवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ फिरताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. तसंच पॉझिटिव्ह पोल आणि सेल्फच्या जाड बोल्टमध्ये बघा. कुणीही ट्रॅक्टरच्या पुढे-मागे उभं राहू नये.

निफाडची थंडी वेगळी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातलं सर्वात कमी तापमान अनेकदा इथेच नोंदलं जातं. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं, आणि सप्टेंबरात निम्म्या चार्जवर कशीबशी फिरणारी बॅटरी जानेवारीत उघडी पडते. गळती मात्र सप्टेंबरातलीच असते.

## टप्पा २: बॅटरी पूर्ण भरा आणि सुटी ठेवून बघा

हा टप्पा गाळला जातो, कारण त्याला दिवस लागतात. पण बॅटरी दोषी की ट्रॅक्टर, हे इथेच ठरतं.

आधी पाणी बघा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि खुणेपर्यंत भरणं चार्जिंग झाल्यावर करा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं. विहिरीचं तर नाहीच. आणि बॅटरीत वरून ॲसिड कधीही टाकू नका, कमी होतं ते पाणी.

चार्जिंग सावकाश करा. ७५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला ७ अँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या साधारण एक दशांश. पूर्ण बसलेली बॅटरी बारा तासांहून जास्त घेईल. दोन तास 'फास्ट' लावून आणलेली बॅटरी या तपासणीला उपयोगाची नाही.

चार्जर काढल्यावर लगेच १२.९ किंवा १३ दिसेल. तो वरवरचा फुगवटा आहे. सहा-आठ तास थांबा, मग मोजा आणि वहीत लिहा. आता बॅटरी कुठेही न जोडता, कोरड्या जागी तीन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा.

तीन दिवसांत एक-दोन शतांश व्होल्ट घसरले तर बॅटरी ठीक. प्रत्येक बॅटरी थोडी आपोआप उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. पण सुटी असतानाच १२.६५ वरून १२.३ वर आली तर तिचा सेल गेला आहे आणि पुढचे टप्पे तुम्हाला लागणार नाहीत. टोपणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघा. आकडा लेबलप्रमाणे साधारण १.२४ ते १.२८ मध्ये असतो. मात्र सहा सेलमधला आपसातला फरक जास्त बोलका आहे. पाच सेल १.२५ आणि एक १.१८ असेल तर त्या एकाने बाकीच्यांना खाली ओढलं आहे.

तपासा: सुटी असताना टिकते, पण ट्रॅक्टरला जोडून तीन दिवस ठेवली की उतरते. असं असेल तरच गळती आहे. पुढे जा.

## टप्पा ३: डायनामो भरतो का?

लोक अजून डायनामोच म्हणतात, आपणही म्हणू, पण आजच्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटर असतो आणि त्यात करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात. हे पुढे कामाला येईल.

ट्रॅक्टर चालू करा, दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग मधल्या रेसवर बॅटरीच्या पोलवर मोजा. १३.८ ते १४.५ हवं. सगळे दिवे लावल्यावरही साडेतेराच्या खाली जायला नको. कमी असेल तर आधी पट्टा बघा, मग डायनामोच्या मागचं जाड कनेक्शन, मग डायनामो खोलायचा विचार. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरीतलं पाणी त्यामुळेच आटतं आहे.

इशारा: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनामो चार्ज करतो का' हे कुणालाही बघू देऊ नका. ही जुन्या डायनामोच्या काळातली सवय आहे. अल्टरनेटरवर असं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो. मग तोच जळका डायोड रात्रभर बॅटरी पितो.

आणखी एक गोष्ट इथेच. स्टॉपचा नॉब ओढून इंजिन बंद होतं, पण चावी 'ऑन'वरच राहते. डॅशबोर्डवरचे दिवे, गेज आणि डायनामोचं फील्ड चालूच राहतं. उन्हात ते बारीक लाल दिवे दिसत नाहीत. मजूर ट्रॅक्टर चालवत असेल तर त्याला नॉबनंतर चावी फिरवण्याची सवय लावा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

## टप्पा ४: बॅटरीचा माथा धुवा

द्राक्षाच्या ट्रॅक्टरचा हा खास रोग आहे. ब्लोअरचा (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राचा) फवारा मागे पडतो, पण त्याची झुळूक बोनेटपर्यंत येते. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद, पानावर मारायची विद्राव्य खतं, गंधक, सगळ्याचा बारीक थर बॅटरीच्या माथ्यावर बसतो. कोरडा असेपर्यंत तो काही करत नाही. दमट हवेत त्यातले क्षार ओले होतात आणि दोन पोलच्या मधे करंटची पायवाट तयार होते. मोरचूद लोखंडालाही खातं, त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड सडतं. म्हणून बागेतल्या ट्रॅक्टरचे क्लॅम्प आणि अर्थचे बोल्ट गावात फिरणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर जातात.

मोजून बघा. काळी पिन निगेटिव्ह पोलवर ठेवा आणि लाल पिन बॅटरीच्या प्लास्टिकच्या माथ्यावरून फिरवा. स्वच्छ बॅटरीवर जवळपास शून्य येतं. एक, दोन, पाच व्होल्ट दिसले तर थर करंट वाहतो आहे.

टोपणं घट्ट लावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवा, ब्रशने माथा आणि ट्रे घासा, फेस थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर ॲसिड मरतं, म्हणून टोपणांची खात्री आधी करा. पोल आणि क्लॅम्प ब्रशने चकचकीत करा. पेट्रोलियम जेली लावायची ती क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून. आधी पोलवर फासून वर क्लॅम्प बसवू नका.

## टप्पा ५: आधी दिवा, मग मीटर

आता खरी मोजणी. चावी काढलेली, सगळे स्विच बंद, ट्रॉलीचा किंवा ब्लोअरचा प्लग जसा नेहमी असतो तसाच.

निगेटिव्हचा क्लॅम्प पोलवरून काढा. बल्बची एक वायर पोलला, दुसरी काढलेल्या क्लॅम्पला. बल्ब भर उजेडाने पेटला तर दीड अँपिअर किंवा जास्त जातोय, काहीतरी उघड चालू आहे किंवा शॉर्ट आहे. अशा वेळी मीटर लावू नका, बल्ब ठेवूनच टप्पा ७ ला जा. मंद लाल झाला तर काहीशे मिलीअँपिअर. अजिबात पेटला नाही तर मीटर लावायला हरकत नाही.

बल्बमुळे मीटर वाचतो. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूज नसतो, आणि शॉर्ट असलेल्या सर्किटमध्ये तो लावला की मीटर आणि त्याच्या वायरी दोन्ही जळतात.

मीटर: लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, नॉब डीसी १० अँपिअरवर. बल्ब काढून त्याच्या जागी मीटर, म्हणजे लाल पिन क्लॅम्पला, काळी निगेटिव्ह पोलला. ०.१२ दिसलं तर १२० मिलीअँपिअर. ०.०० आलं तर नॉब आणि पिन मिलीअँपिअरच्या जागी हलवून पुन्हा बघा. तिथला फ्यूज बऱ्याचदा २०० मिलीअँपिअरचाच असतो, म्हणून ही पायरी शेवटी.

इशारा: मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. आणि काम झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत आणा. पिन अँपिअरच्या भोकात विसरून बॅटरीच्या दोन पोलवर टेकवली की तो सरळ शॉर्ट असतो. मीटर जळण्याचं एवढं नेहमीचं दुसरं कारण मी पाहिलेलं नाही.

## टप्पा ६: आकडा किती म्हणजे जास्त?

गुणाकार करून बघा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ७५ एएचची चांगली बॅटरी निम्मी व्हायला महिना लागतो. २५० मिलीअँपिअर असेल तर सहा दिवसांत निम्मी. एक ५ वॅटचा बल्ब जळत राहिला तर चार दिवसही नाहीत. बॅटरी जुनी असेल तर तिची ७५ एएच आता ५० सुद्धा नसेल, हेही धरा.

इलेक्ट्रॉनिक काही नसलेल्या साध्या ट्रॅक्टरवर चावी बंद असताना दोन-चार मिलीअँपिअरपेक्षा जास्त जायचं कारण नाही. जीपीएस ट्रॅकर असेल तर तो घेणारच. त्याचा आकडा मधूनमधून उसळतो, म्हणून दहा मिनिटं बघून सरासरी धरा. त्याहून जे जास्त, ते शोधायचं.

## टप्पा ७: एकेक वायर सोडवा, बाहेरून आत

चूक होते ती इथे. फ्यूज बॉक्समधला प्रत्येक फ्यूज उपटून बघतात, आकडा हलत नाही, आणि 'गळती नाहीच' असा निष्कर्ष काढतात. पण ट्रॅक्टरवर नंतर बसवलेल्या वस्तू फ्यूज बॉक्समधून जातच नाहीत. त्या थेट बॅटरीच्या पोलवर असतात. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिली, बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पला अडकवलेली प्रत्येक बारीक वायर. गाण्यांचा टेप, ट्रॅकर, मोबाइल चार्जर, मागचा एलईडी, ब्लोअरचा स्विच. दरवेळी निगेटिव्ह सोडवा, एक वायर काढा, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कागदावर नाव लिहून चिकटवा, मीटर परत लावा, आकडा वहीत लिहा. गाण्यांचा टेप हा पहिला संशयित. त्याला दोन पॉझिटिव्ह वायरी असतात, बहुतेक पिवळी कायम करंटची आणि लाल चावीवरची. बसवणारा घाईत दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडतो. टेप गप्प दिसतो, पण आतून जागा राहतो. यूएसबी चार्जरवर व्होल्टचा निळा आकडा दिवसरात्र पेटत असेल तर तोही हिशेबात घ्या.

मग फ्यूज, एकेक. आकडा ज्या फ्यूजला पडतो त्या सर्किटवर काय काय आहे ते शोधा. ब्रेकचा स्विच अडकून मागचा दिवा मंद पेटणं नेहमीचं आहे. अंधार पडल्यावर ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारा, दिवसा न दिसणारा दिवा तेव्हा दिसतो. रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) चिकटला असेल तर ट्रॅक्टर रात्रभर थंड असूनही तो हाताला कोमट लागतो. पहाटे, काहीही चालू करण्याआधी, प्रत्येक रिलेला बोट लावून बघा.

मग डायनामो. निगेटिव्ह सोडवल्याशिवाय डायनामोच्या मागच्या जाड वायरीला पाना लावू नका, ती वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. ती काढा, टोक टेपने पूर्ण झाका, मीटर परत लावा. आकडा इथे पडला तर डायोड गळतो आहे. पडताळा म्हणून वायर परत जोडून, मीटर काढून, निगेटिव्ह थेट आवळून इंजिन चालू करा आणि पोलवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोडचा संशय पक्का.

मग चावीचा स्विच. त्याचा प्लग मागून काढा. बागेतल्या ट्रॅक्टरच्या चावीच्या भोकात फवाऱ्याचं पाणी जातं, आत हिरवं साचतं आणि बंद स्थितीतही थोडा करंट पलीकडे जातो. सेल्फची जाड केबल सगळ्यात शेवटी. ती क्वचितच दोषी निघते.

एक वायर काढून आकडा निम्मा झाला तर थांबू नका. उरलेला निम्मा कुठे जातो ते शोधा. दोन ठिकाणी गळती असणं मुळीच दुर्मिळ नाही.

## टप्पा ८: मोजली तेव्हा नाही, पण उतरते तर आहे

माझ्या ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या तीन वर्षांत गेल्या. दोनदा तो गॅरेजला नेला, दोन्ही वेळा मीटरवर काही आलं नाही. शेवटी श्रावणातल्या एका पहाटे, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, शेडमध्येच मीटर लावला. १२० मिलीअँपिअर. दुपारी ऊन पडल्यावर त्याच ट्रॅक्टरवर चारही येईनात.

दोष होता मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये, ज्यात ट्रॉलीचा प्लग जातो. मूळ वायरिंगमध्ये तिथे दिवे लावल्यावरच करंट येतो. पण ब्लोअरच्या स्विचसाठी कुणीतरी त्यातली एक पिन कायम करंटवर घेतली होती. पिनांच्या मधे मोरचुदाचा हिरवा थर. दमट हवेत तो वाहायचा, आणि गॅरेजपर्यंत ऊन-वारा खात गेलेल्या ट्रॅक्टरमध्ये कोरडा होऊन गप्प बसायचा. दिवसाला जवळपास तीन अँपिअर-तास, पंधरा दिवस. बॅटरीचा बिचारीचा काहीच दोष नव्हता.

म्हणून सांगतो: ट्रॅक्टर ज्या जागी आणि ज्या हवेत उतरतो, तिथेच आणि तेव्हाच मोजा. पहाटे, दव असताना, रात्रभर न हलवलेला. जमत नसेल तर सॉकेट, मागचे दिवे, चावीचा स्विच आणि फ्यूज बॉक्सवर एकेक करून साध्या पाण्याचा हलका फवारा मारा आणि आकडा उसळतो का बघा. भिजवायचं नाही, दव पडल्यासारखं ओलं करायचं. शेडमध्ये कांदा किंवा धान्य असेल तर उंदीर आलेच. वायरिंगचा जुडगा हातात घेऊन हळू हलवा आणि दुसऱ्याला मीटर बघायला सांगा. कुरतडलेली वायर अशीच सापडते.

## पिकअप किंवा कार असेल तर

यात संगणक असतात, आणि चावी काढल्यावर ते झोपायला वेळ घेतात. मीटर लावल्यावर पहिला आकडा काही अँपिअरचा असू शकतो. अर्धा-पाऊण तास थांबा. दार उघडं ठेवायचं असेल तर कुलपाची जीभ पेचकसने फिरवून गाडीला दार बंद भासवा. रिमोटची चावी गाडीपासून लांब ठेवा. शेवटी २० ते ५० मिलीअँपिअर उरले तर ते साधारण ठीक. बॅटरी काढण्याआधी टेपचा कोड आणि मॅन्युअलमधल्या सूचना बघून घ्या. फ्यूज उपटला की झोपलेला संगणक पुन्हा जागा होतो, म्हणून फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलीव्होल्ट मोजा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही जात नाही.

## टप्पा ९: दुरुस्ती

सापडलेली वायर कापून टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नाही. ज्या वस्तूला चावी बंद असताना करंट लागत नाही, तिला चावीवर चालणाऱ्या रिलेतून द्या. टेपची लाल वायर चावीवर, पिवळी कायम. कायम करंट लागणाऱ्या प्रत्येक वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. तो सोडून केलेलं काम शेडला आग लावू शकतं. जोड क्रिम्प करा आणि वर गरम करून आकसणारी नळी चढवा. नुसता टेप फवाऱ्याच्या पाण्यात एका हंगामात सुटतो. सात पिनांचं सॉकेट हिरवं पडलं असेल तर घासत बसू नका, नवीन बसवा, झाकणाची स्प्रिंग घट्ट आहे ना ते बघा, आणि कायमची पिन चावीवर घ्या.

निगेटिव्हला कट-ऑफ स्विच लावणं उभ्या ट्रॅक्टरसाठी चांगलं. पण इंजिन पूर्ण थांबल्यावरच तो फिरवायचा, आणि त्याने ट्रॅकरचा करंट तुटतो हे लक्षात ठेवा. शिवाय तो गळती शोधून झाल्यावर लावा. आधी लावला तर दोष तसाच राहतो, आणि स्विच विसरला त्या आठवड्यात बॅटरी पुन्हा बसते.

## टप्पा १०: सात दिवसांची खात्री

सगळं जोडून टप्पा ५ ची मोजणी पुन्हा करा, यावेळीही पहाटेच. बॅटरी पूर्ण भरा, सहा-आठ तासांनी पोलवर मोजा, तारीख आणि आकडा लिहा. ट्रॅक्टर सात दिवस न हलवता उभा ठेवा, जोडलेलाच. मधे रोज मोजायची गरज नाही, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुरे.

सातव्या दिवशी १२.५५ च्या वर असेल तर काम झालं. १२.४ च्या खाली गेला असेल तर वहीतला टप्पा २ चा आकडा काढा. सुटी बॅटरी तीन दिवसांत किती घसरली होती, ते पुन्हा बघा. बराच काळ निम्म्या चार्जवर पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि गळती बंद झाल्यावरही ती पूर्ण भरत नाही. आता मात्र नवी बॅटरी घ्या, आणि ती बसवल्यावर त्याच पहाटे निगेटिव्हमध्ये मीटर लावून पहिला आकडा वहीत टिपून ठेवा.